निकाहनाम्यातला रिकामा रकाना

लग्नघरात सगळ्यांत कमी वेळ कशाला मिळत असेल, तर तो निकाहनाम्याला. मंडप, जेवण, कपडे, पाहुण्यांच्या गाड्या हे सारे महिनाभर आधी ठरते. महर किती, हे मात्र पुष्कळदा काझीसाहेब वही उघडून बसल्यावर दोन वडीलधाऱ्यांच्या कुजबुजीत ठरते. वकील आणि दोन साक्षीदार मुलीपाशी जातात, ती मान हलवते आणि बोट ठेवतील तिथे सही करते. पुष्कळ छापील निकाहनाम्यांत तळाशी आणखी एक रकाना असतो, 'शराइत' म्हणजे अटींचा. तो एक तर रिकामा राहतो, नाही तर त्यावर आडवी रेघ ओढली जाते.

या रकान्याची आठवण आम्हाला शिवथर खोऱ्यातल्या एका वाचक मुलीने करून दिली. तिचा निकाह ठरला आहे. मुलगा आखातात नोकरीला आहे. निकाहानंतर तो दीड महिना इथे राहील, मग परत जाईल. ती सासू-सासऱ्यांजवळ गावीच राहणार आहे. बारावीनंतर तिचे शिक्षण चालू आहे आणि ते पुरे करायचे आहे. तिने विचारले, 'निकाहाआधी करार करून सह्या घ्याव्यात का? अब्बा म्हणतात, असलं काही मागितलंस तर स्थळ हातचं जाईल. मामू म्हणतात, हे गोऱ्या लोकांचं फॅड आहे, आपल्यात चालत नाही. मी काय करू?'

महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांत हा प्रश्न एका मुलीचा नाही. या भागातल्या कितीतरी घरांचा कर्ता मुलगा मुंबईला किंवा समुद्रापलीकडे असतो आणि संसार गावात असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिच्या एकटीसाठी न देता इथे सर्वांसाठी देत आहोत. मामूंच्या आक्षेपापासून सुरुवात करू.

करार तर आधीपासूनच आहे

निकाहाआधीचा करार ही बाहेरून आलेली गोष्ट नाही. निकाह ही इबादत आहेच, पण त्याची बांधणी कराराची आहे. एका बाजूने इजाब, दुसऱ्या बाजूने कबूल, साक्षीदार आणि महर. १८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी मुस्लिम विवाह हा कायद्याच्या नजरेत दिवाणी करार आहे, असे स्पष्ट केले. त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो.

याचा फरक किती पडतो, ते दोन खटले शेजारी ठेवले की कळते. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एका हिंदू जोडप्याचे प्रकरण आले. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिले होते की, तो सासूच्या घरीच राहील. न्यायालयाने ते लिखाण रद्दबातल ठरवले, कारण हिंदू विवाह संस्कार मानला गेला आणि त्याला अशी अट जोडता येत नव्हती. १९७२ च्या विधी-अहवालांत जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा मोहम्मद खान विरुद्ध शाहमाली हा खटला आहे. तिथेही नवरा घरजावई म्हणून राहणार होता. घर सोडले तर ठरलेली रक्कम द्यायची आणि ती दिली नाही तर तलाक समजायचा, असे लिहिले होते. ही अट न्यायालयाने मान्य केली. दोन्हीकडे बोलणे घरजावयाचेच होते, पण एक कागद टिकला नाही आणि दुसरा टिकला.

म्हणजे ज्या कराराची आज शहरांत चर्चा होते, तो करण्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. त्यासाठी वेगळा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही. अडचण एवढीच की, आपण रकाना भरत नाही.

शेजारच्या गोव्यात पाहा. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कौटुंबिक कायदे अजून लागू आहेत आणि ते तिथल्या मुसलमानांनाही लागू होतात. लग्नाआधी नोटरीपुढे करार करून मालमत्ता वेगळी ठेवायची की एकत्र, हे जोडप्याला ठरवता येते. काहीच ठरवले नाही तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. गोव्यात गप्प बसणाऱ्या पत्नीलाही अर्धा हक्क मिळतो. रायगडात गप्प बसणाऱ्या पत्नीला पुष्कळदा एवढेच मिळते, जेवढे त्या कागदावर लिहिलेले असते.

'लिहून घेणे म्हणजे अविश्वास'

अब्बांची भीती मात्र आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. लहान खोऱ्यात स्थळ मोडले की त्याची चर्चा गावोगाव पोहोचते. मुलीच्या बापाला 'यांना फार अटी' हे वाक्य ऐकून घ्यावे लागते आणि त्याचा त्रास धाकट्या बहिणींच्या लग्नालाही होतो. त्यामुळे 'हक्क आहे, मागा' असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही.

पण लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा समज तपासून पाहिला पाहिजे. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, म्हणजे पुढे शंकेला जागा उरणार नाही, असा तिचा आशय आहे. न दिलेला महर हे तर नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच असते. पाच हजारांची उधारी लिहायला सांगणारा दीन आयुष्यभराचे देणे तोंडी ठेवा म्हणेल का?

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत उक्बा बिन आमिर यांनी सांगितलेली एक हदीस आहे. पाळल्या जाण्याचा सर्वांत मोठा हक्क कोणत्या अटींना आहे, तर ज्यांच्या आधारे निकाह झाला त्या अटींना, असा तिचा भावार्थ आहे. हदीसमध्येच अटींचा उल्लेख असताना 'आपल्यात अटी नसतात' असे कसे म्हणता येईल? अर्थात मर्यादाही तिथेच सांगितली आहे. अल्लाहच्या कायद्याला विरोधी असलेली अट, मग ती शंभर वेळा घातली तरी बातिल, हे हजरत बरीरा यांच्या प्रसंगात प्रेषितांनी (स.) सांगितले.

इतिहासातले एक उदाहरण आजही सांगितले जाते. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहराकडच्या अरवा यांनी अब्बासी घराण्याच्या अल-मन्सूरशी निकाह करताना, मी असेपर्यंत दुसरी पत्नी करायची नाही, अशी अट घातली होती. अल-मन्सूर पुढे खलीफा झाला, अट सुटावी म्हणून त्याने काझींकडे खटपट केली, पण लिहिलेली अट टिकली, असे इतिहासकार नोंदवतात. कैरवानच्या त्या पद्धतीच्या निकाहनाम्याला पुढे शहराचेच नाव मिळाले.

आपण शाफई आहोत, हे विसरू नका

इथे कोकणातल्या वाचकांनी थोडे थांबावे. निकाहनाम्यावरचे उर्दू किंवा इंग्रजी लिखाण वाचले तर ते बहुधा हनफी मसलक धरून लिहिलेले असते. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत आणि अटींच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे.

'नवरा दुसरे लग्न करणार नाही' ही अट हंबली मसलकात धरली जाते आणि ती मोडली तर पत्नीला निकाह संपवण्याचा अधिकार मिळतो. शाफई मसलकात निकाह पक्का राहतो, पण ती अट बांधून ठेवणारी मानली जात नाही. दुसरी गोष्ट 'तफवीज'ची, म्हणजे तलाकचा अधिकार नवऱ्याने पत्नीकडे सोपवण्याची. हनफी पद्धतीत तो पुढच्या काळासाठी सोपवता येतो. शाफई फिकहच्या प्रचलित मतानुसार सोपवलेला अधिकार तिथल्या तिथे वापरावा लागतो. पाच वर्षांनी वापरायचा म्हणून तो आज देणे या मतात बसत नाही.

मग शाफई मुलीला मार्गच नाही का? आहे, आणि तो जगातल्या सर्वांत मोठ्या शाफई समाजाने, इंडोनेशियाने, वर्षानुवर्षे वापरला आहे. तिथे इजाब-कबूल झाल्यानंतर नवरा सर्वांसमोर एक मजकूर वाचतो. त्याला 'सीगत तालीक' म्हणतात आणि तो निकाहाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. मजकुराचा आशय असा: मी पत्नीला सलग दोन वर्षे सोडून गेलो, किंवा तीन महिने तिचा नफका दिला नाही, किंवा तिला शारीरिक इजा केली, किंवा सहा महिने तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि पत्नीला ते मान्य नसेल, तर तिने न्यायालयात तक्रार करावी. न्यायालयाने ती मान्य केली आणि तिने नाममात्र रक्कम भरली की माझ्याकडून एक तलाक पडेल. ही सक्ती नाही. पण १९९१ च्या तिथल्या इस्लामी कायद्यांच्या संकलनानुसार एकदा कबूल केलेले तालीक मागे घेता येत नाही. मलेशियातही अशीच पद्धत आहे.

शाफई मत इथे आड येत नाही, कारण यात अधिकार सोपवलेला नसतो. नवरा स्वतःच्या तलाकला एक शर्त जोडतो. मात्र क्रम सांभाळावा लागतो. निकाहाआधी तलाक नाही, म्हणून तालीकचे शब्द इजाब-कबूलनंतरच उच्चारायचे असतात. आधी मजकूर ठरवा, दोन्ही घरे तो वाचून घ्या, आणि निकाहाच्या बैठकीत कबूल झाल्यावर मुलाने तो वाचून सही करावी. आपल्या जमातीच्या आलिमांना हा मजकूर आधी दाखवून घ्या. शब्द थोडे इकडेतिकडे झाले की अर्थ बदलतो.

आपल्या देशात काय टिकते

भारतीय न्यायालयांनी तफवीज आणि वाजवी अटी मान्य केल्या आहेत. १९५० साली कलकत्ता उच्च न्यायालयाने बफातन बीबीच्या खटल्यात नवऱ्याने लेखी सोपवलेला तलाकचा अधिकार ग्राह्य धरला. त्याच दशकात आसामच्या उच्च न्यायालयाने, आधीच्या पत्नीला परवानगीवाचून घरात आणले तर दुसरीला तलाक घेता येईल, ही अट योग्य ठरवली. मात्र अट मोडल्याचे तिला सिद्ध करावे लागते आणि अधिकार वापरल्याचे स्पष्ट कळवावे लागते. अट मोडली की घटस्फोट आपोआप झाला, असे समजून कोणी गप्प बसू नये.

'कायदा आहे ना, मग अट कशाला?' असेही काही जण विचारतात. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने पत्नीला कोर्टात जाता येते, हे खरे आहे. पण त्यातले काळ पाहा. नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे कळला नाही तर, दोन वर्षे नफका दिला नाही तर, तीन वर्षे वाजवी कारणाविना वैवाहिक कर्तव्य पाळले नाही तर. वाट पाहण्यातच विशीतल्या मुलीची तरुणपणाची वर्षे जातात. त्यानंतर खटला सुरू होतो. निकाहनाम्यातल्या अटीने हा काळ सहा महिन्यांवर आणता येतो. आखातातल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईसाठी चार वर्षे आणि सहा महिने यांत किती अंतर आहे, हे वेगळे सांगायला नको.

तीन तलाकच्या खटल्यातही हा रकाना चर्चेत आला होता. मे २०१७ मध्ये सुनावणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने विचारले की, निकाहाच्या वेळीच स्त्रीला एका दमातला तलाक नाकारता येईल का? त्यानंतर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले की, एका बैठकीत तीन तलाक दिला जाणार नाही अशी अट निकाहनाम्यात घालण्याचा सल्ला काझींनी वधू-वरांना द्यावा, असे आम्ही कळवू. पुढे २२ ऑगस्ट २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा आला आणि तसा तलाक बेकायदा ठरला. तो प्रश्न कायद्याने सोडवला. पण तलाक न देता, नांदवतही न ठेवता, वर्षानुवर्षे लटकत ठेवणाऱ्या नवऱ्याचा प्रश्न उरला आहे. तो निकाहनाम्यातल्या अटीनेच लवकर सुटतो.

पाकिस्तानातला अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथल्या सरकारी निकाहनाम्यात अठरावा रकाना नेमका याच प्रश्नाचा आहे: नवऱ्याने तलाकचा अधिकार पत्नीला सोपवला आहे का, कोणत्या अटींवर? पण वधूपर्यंत कागद पोहोचण्याआधीच त्या रकान्यावर रेघ मारली गेल्याच्या तक्रारी तिथे पुष्कळ आहेत. छापील रकाना असूनही तो उपयोगी पडत नाही, कारण मुलीने तो सहीआधी पाहिलेलाच नसतो.

खोऱ्यातल्या संसाराला साजेशा अटी

वीस कलमांचा करार करू नका. तो कोणी वाचत नाही आणि वाचला तर भांडण होते. आम्हाला पाच गोष्टी पुरेशा वाटतात.

पहिली गोष्ट महर. शाफई मसलकात महराला किमान मर्यादा नाही, म्हणूनच तो नावापुरता ठेवण्याचा मोह होतो. रुपयांतला आकडा वीस वर्षांत हलका होतो. शक्य तर तोळ्यांत सोने लिहा. कुणाला महर-ए-फातिमी हवा असेल तर तो ५०० दिरहम, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने १३१ तोळे ३ मासे चांदी, सुमारे दीड किलो. किती ताबडतोब द्यायचा आणि किती नंतर, हे साध्या मराठीत लिहा. यासाठीचे उर्दू शब्द ऐकायला इतके सारखे आहेत की लिहिताना गफलत होते. महर म्हणून जमीन किंवा घर द्यायचे असेल तर निकाहनाम्यात नुसते लिहून सातबारा बदलत नाही. त्याचा दस्त नोंदवावा लागतो.

दुसरी गोष्ट नफका. रक्कम आणि तारीख ठरवा आणि पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर यावेत असे लिहा. सासऱ्यांच्या हाती आलेले पैसे तिला मिळालेच, हे कोर्टात दाखवता येत नाही. मुलाच्या बाजूनेही हे बरे, कारण प्रत्येक हप्त्याची नोंद राहते.

तिसरी गोष्ट काळाची. नवरा एका वेळी जास्तीत जास्त किती महिने दूर राहील? सुट्टी मिळाली नाही, व्हिसाची अडचण आली, तर त्याने कळवायचे. पण संपर्क आणि नफका दोन्ही सहा महिने बंद झाले, तर वर सांगितलेले तालीक लागू होईल. ही अट कष्ट करून पैसे पाठवणाऱ्या नवऱ्याला कधीच लागणार नाही.

चौथी गोष्ट तिचे आयुष्य: शिक्षण पुरे करणे, नोकरी, माहेरी जाणे आणि राहण्याची जागा. सासू-सासऱ्यांची काळजी ती घेणार असेल तर तेही लिहा. मुलाकडच्यांनाही त्यांच्या अपेक्षा लिहू द्या. करार दोघांचा असतो.

पाचवी गोष्ट मध्यस्थीची. भांडण झाले तर आधी दोन्ही घरांतून एकेक समजूतदार माणूस बसेल. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत हाच मार्ग सांगितला आहे. ती माणसे कोण, हे आजच लिहून ठेवा. भांडणाच्या दिवशी माणूस निवडायला गेलो तर दोघांना पटेल असा कोणी सापडत नाही.

काय लिहू नये

पत्नी नफका मागणार नाही, असे लिहून घेऊ नका. तसे लिखाण सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून टिकत नाही. गरजू पत्नीचा पोटगी मागण्याचा हक्क १० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा अधोरेखित केला आहे. 'उद्या वेगळे झालो तर' एवढ्याच कल्पनेवर रक्कम ठरवू नका. पुढच्या विभक्तीला उत्तेजन देणारा असा करार मुंबई उच्च न्यायालयाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नाकारला आहे. म्हणून अट नवऱ्याच्या ठराविक वर्तनाला जोडा. मुले कोणाकडे राहतील हेही आधी लिहू नका. न्यायालय मुलांचे हित पाहते, कागद पाहत नाही.

जहेजची यादी अटींत घालणे तर गुन्हाच आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात महर हुंडा मानला जात नाही, पण मुलीकडून मागितलेली गाडी हुंडाच ठरते.

आणि मुलाच्या वडिलांना एक सांगणे आहे. समाजात शोभा म्हणून २५ लाखांचा महर लिहू नका. 'कोण मागतंय' म्हणून केलेली सही पुढे अंगाशी येते. ऐपतीपेक्षा जास्त आहे म्हणून महर कमी करण्याची मुभा पूर्वीच्या अवध प्रांतातल्या न्यायालयांना कायद्याने होती. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. लिहिले तेवढे द्यावे लागते, आणि मुलगा वारला तर वारसांच्या वाटणीआधी ते कर्ज फेडावे लागते.

मग सही करावी का?

आमचे त्या वाचक बहिणीला उत्तर असे: सही तर तू करणारच आहेस. निकाहनामा हाच तुझा करार आहे. तुला ठरवायचे आहे ते एवढेच की, कोरी सही करायची की वाचून, भरून करायची. आम्ही म्हणू, भरून कर.

पण मागण्याची रीत सांभाळ. हे बोलणे निकाहाच्या दिवशी नको. तारीख काढताना, घरच्या बैठकीत व्हावे. तू नव्हे, तुझ्या वलीने मुलाच्या वडिलांशी बोलावे. अब्बांना ते अवघड जात असेल तर जमातीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला पुढे करावे. 'आम्हाला तुमच्यावर विश्वास नाही' असे सुरुवातीला येऊ नये. 'तुमचा मुलगा लांब असतो, आमची मुलगी इथे एकटी, दोघांचं भलं व्हावं म्हणून चार गोष्टी लिहून ठेवू' असे सांगितले तर समजूतदार घर ऐकून घेते. मुलाशी तुझे बोलणे होत असेल तर त्याला हा मजकूर आधी वाचू दे. त्याला अचानक कोंडीत पकडल्यासारखे वाटू नये.

कुठे नमते घ्यायचे हेही ठरवून ठेव. महराचे दोन तोळे कमी झाले तर होऊ दे. माहेरी कधी जायचे याची तारीखवार यादी सोडून दे. पण नफका आणि काळ यांची अट सोडू नकोस. शिक्षणाची अट सोडायची की नाही हे तूच ठरव. ते तुझे आयुष्य आहे आणि त्यावर आम्ही बोलणे बरे नाही.

आणि स्थळ खरेच मोडले तर? ते दुःख हलके आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणत्या ओळीवर मोडले ते बघ. सोन्यावर मोडले तर बोलणी पैशाची होती, ती पुन्हा जुळू शकतात. पण 'सहा महिने पैसे नाहीत, फोन नाही, तर मुलगी मोकळी' या ओळीला घर तयार नसेल, तर ते घर आपल्या मुलाविषयी काहीतरी सांगत आहे. ते निकाहाआधी कळलेले बरे.

अब्बांनाही एक विनंती. मुलीच्या जेवणावळीसाठी तुम्ही कर्ज काढाल, घर रंगवाल. त्याच मुलीसाठी एक संध्याकाळ एका कागदाला द्या.

येत्या महिन्यात करण्याची कामे

काझीसाहेबांकडून कोऱ्या निकाहनाम्याची प्रत किमान पंधरा दिवस आधी आणा. घरी मोठ्याने वाचा, मुलीसमोर वाचा. कागद उर्दूत असेल तर मराठीत अर्थ लिहून घ्या. अटींसाठी जागा अपुरी असेल तर योग्य मुद्रांकावर वेगळा करार करा, त्यावर वधू-वर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि निकाहनाम्यात त्याचा उल्लेख करा. महाड किंवा माणगावच्या एखाद्या वकिलाला तो एकदा दाखवा. ज्या रकान्यात काही लिहायचे नाही तिथे 'काही नाही' असे मुलीने स्वतःच्या हाताने लिहावे. रेघ दुसऱ्याने मारू नये.

निकाहानंतर ९० दिवसांच्या आत विवाहाची नोंदणी करा. गावात ती ग्रामपंचायतीत होते, महाडला नगरपरिषदेत. आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, तेव्हा ट्रंकेतले आणि कपाटातले कागद वाचवायला किती जणांना वेळ मिळाला? एक प्रत सासरी, एक माहेरी, एक काझीसाहेबांच्या दप्तरात आणि एक फोटो मुलीच्या स्वतःच्या फोनवर. वाचून केलेल्या सहीचा कागद तिच्या हाताशी असला पाहिजे.